दुखणें थांबलें, म्हणजे स्नायु बरा झाला काय ?

शाळेच्या वार्षिक क्रीडासामन्यांचे दिवस जवळ आले म्हणजे मैदानावर उत्साहास भरतें येतें. आणि त्याच दिवसांत लंगडत वर्गांत शिरणारे एक-दोन विद्यार्थी हटकून दिसूं लागतात. विचारिलें तर "कांहीं नाहीं, सर, जरा लचक भरली आहे," एवढेंच उत्तर मिळतें. चार दिवसांनीं लंगडणें थांबतें, पांचव्या दिवशीं तोच विद्यार्थी शर्यतीच्या रेषेवर उभा राहतो, आणि पुष्कळदां सहाव्या दिवशीं पुन्हा लंगडूं लागतो. या खेपेस मात्र पहिल्यापेक्षां अधिक. उलट कांहीं घरीं असें घडतें कीं, मुलाच्या मांडींत एकदां कळ आली म्हणून आईबाप त्यास महिनाभर अंथरुणावरून हलूं देत नाहींत. आणि तो उठतो तेव्हां त्याचा एक पाय दुसऱ्याहून बारीक व दुबळा झालेला आढळतो. पहिल्या घरीं घाई झाली, दुसऱ्या घरीं भीतीनें घेरलें. दोन्हीकडे मूळ चूक एकच. दुखापतीनंतर व्यायामाकडे परत येण्याचीही एक रीत आहे, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. त्या रीतीचा परिचय विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

स्नायु कां तुटतो ?

आपल्या शरीरांत सहाशेंहून अधिक स्नायु आहेत. प्रत्येक स्नायु म्हणजे बारीक तंतूंचा एक जुडगा होय. आणि कंडरा नांवाच्या चिवट दोरीनें तो हाडास जखडलेला असतो. तंतु आंखडले म्हणजे हाड ओढलें जातें व अवयव हलतो, एवढें आपण शरीरशास्त्राच्या पुस्तकांत शिकतों. परंतु ओढणें हें स्नायूचें अर्धेंच काम झालें. दुसरें अर्धें काम आवरण्याचें आहे. उतारावर गाडीवान जसा बैलांस मागें खेंचून धरतो व गाडी हळूहळू खालीं उतरवितो, तसा जिना उतरतांना मांडीचा पुढील स्नायु लांबत लांबत शरीराचा भार आवरून धरतो. लांबत असतांनाच जोर लावण्याचें हें काम स्नायूस सर्वांत जड जातें, आणि तो बहुधा त्याच वेळीं तुटतो.

मांडीच्या मागील बाजूस तीन स्नायूंचा एक समूह आहे. त्यास हॅम्स्ट्रिंग म्हणतात. आपण बसतों तेव्हां ज्या हाडावर टेंकतों, तेथून निघून हे स्नायु गुडघ्याच्या खालीं जाऊन पोंचतात. वेगानें धांवतांना पाय पुढें फेंकला जातो. तेव्हां पाऊल जमिनीस लागण्यापूर्वीं पुढें झेंपावणाऱ्या नडगीस आवरण्याचें काम याच समूहाकडे येतें. शंभर मीटरच्या शर्यतींत शेवटचा जोर लावतांना, किंवा खो मिळतांच एकदम सुटतांना धावपटूचा हात अकस्मात् मांडीच्या मागें जातो, त्याचें कारण हें आहे. वेगानें दिशा बदलणाऱ्या खेळाडूची जांघ दुखावते, आणि एकाएकीं उडी घेणाऱ्याची पोटरी.

दुखापतीच्या साधारणतः तीन पायऱ्या मानतात. पहिलींत थोडेसेच तंतु तुटतात; दुखतें, परंतु जोर फारसा कमी होत नाहीं. दुसरींत पुष्कळ तंतु तुटतात. सूज येते, काळेंनिळें पडतें, चालतांना लंगडावें लागतें. तिसरींत स्नायु जवळजवळ सर्वच किंवा पूर्णपणें तुटतो. कांहीं वेळां बोटांनीं चांचपल्यास तेथें खांच लागते. पहिली पायरी बहुधा एक ते तीन आठवड्यांत बरी होते, दुसरीस एक-दोन महिने लागूं शकतात, आणि तिसरीस कित्येक महिने. कधीं शस्त्रक्रियाही करावी लागते. हे आंकडे केवळ अंदाजाचे होत. कोणत्या दिवशीं धांवावें हें दिनदर्शिका पाहून ठरवावयाचें नसतें, हें पुढें स्पष्ट होईल.

शरीर दुरुस्ती कशी करतें ?

सन १९६१ मध्यें अलेक्झांडर मॉरो या शास्त्रज्ञानें बेडकाच्या पायाचा स्नायु इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहत असतां तंतूंच्या कडेस चिकटून बसलेल्या कांहीं लहान पेशी टिपल्या. त्यांस त्यानें उपग्रह-पेशी असें नांव दिलें. एरवीं या पेशी निद्रिस्त असतात; परंतु तंतु तुटतांच त्या जाग्या होतात, वाढतात, परस्परांत मिसळतात व नवीन तंतु घडवितात. निसर्गानें प्रत्येक स्नायूजवळ जणूं एक गवंडी बसवून ठेवला आहे.

या गवंड्याचें काम तीन टप्प्यांनीं चालतें. पहिल्या कांहीं दिवसांत तुटलेल्या जागीं रक्त सांचतें, सूज येते, आणि पडझडीचा कचरा उचलला जातो. सूज ही शत्रु नव्हे. ती सफाईची निशाणी आहे. दुसऱ्या टप्प्यांत नवीन तंतु उगवतात, व त्यांच्या मधील फट भरून काढण्याकरितां व्रणाचा चिवट पदार्थ तयार होतो. तिसरा टप्पा सर्वांत लांब, म्हणजे कित्येक आठवड्यांचा व कधीं महिन्यांचा असतो. त्यांत हे नवीन तंतु व हा व्रण ओढीच्या दिशेनें नीट मांडले जातात व बळकट होतात.

आतां या ठिकाणीं मुख्य मुद्दा येतो. वेदना बहुधा दुसऱ्या टप्प्यांतच ओसरते. बळकटी मात्र तिसऱ्या टप्प्यांत येते. दुखणें थांबणें आणि जोडणी पक्की होणें, यांत म्हणूनच बरेंच अंतर असतें. नवी बांधलेली भिंत बाहेरून सुकलेली दिसली तरी शहाणा गवंडी तिच्यावर लगेच तुळई ठेवीत नाहीं. विद्यार्थी मात्र पांचव्या दिवशीं आपल्या ओल्या भिंतीवर शंभर मीटरची शर्यत ठेवून मोकळा होतो !

पण भिंतीचा दृष्टांत येथेंच सोडावा लागतो. भिंतीस स्वस्थ राहूं दिलें म्हणजे ती आपोआप घट्ट होते. स्नायूचें तसें नाहीं. नवीन तंतूंनीं कोणत्या दिशेस मांडून घ्यावें, हें त्यांस ओढीवरूनच कळतें. ओढच पडली नाहीं तर तंतु वेडेवांकडे राहतात, व्रण मोठा होतो, व शेजारचे निरोगी तंतुही बारीक होत जातात. सन २०१७ मध्यें डेन्मार्कमधील संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांडीच्या किंवा पोटरीच्या स्नायूस मोठी इजा झालेले ५० हौशी खेळाडू घेऊन त्यांनीं त्यांचे दोन गट केले. एका गटास इजेनंतर दोन दिवसांनीं हलका, क्रमाक्रमानें वाढणारा व्यायाम सुरू करून दिला. दुसऱ्या गटास तोच व्यायाम नऊ दिवसांनीं दिला. पहिल्या गटाचे खेळाडू सुमारें ६२ दिवसांत वेदनामुक्त होऊन खेळाकडे परतले. दुसऱ्या गटास ८३ दिवस लागले. आरंभीं एक आठवडा अधिक बसून राहिल्यामुळें शेवटीं तीन आठवडे अधिक खर्ची पडले !

सारांश, अति घाईनें जोडणी पुन्हा तुटते आणि अति विश्रांतीनें ती कच्ची राहते. या दोहोंच्या मधून जाणारी वाट म्हणजे मापून वाढविलेला व्यायाम होय.

पहिले दोन-चार दिवस

इजा होतांच खेळ थांबवावा. "एवढा डाव संपवूं आणि मग बसूं," असें म्हणणाऱ्याचे दहा तुटलेले तंतु शंभर होतात. दुखऱ्या भागास लवचिक पट्टीनें बेताचा आधार द्यावा. पट्टीनें बोटें थंड, बधिर किंवा निळसर होऊं लागलीं तर ती तत्काळ सैल करावी. निजतांना पाय उशीवर उंच ठेवावा. फार दुखत असल्यास बर्फ कापडांत गुंडाळून दहा-पंधरा मिनिटें ठेवण्यास हरकत नाहीं. परंतु बर्फ वेदना कमी करितो, तंतु जोडीत नाहीं, हें लक्षांत असावें. विश्रांति, बर्फ, पट्टी व पाय उंच ठेवणें हें चतुर्विध सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीं १९७८ मध्यें आपल्या पुस्तकांतून रूढ केलें. परंतु संपूर्ण विश्रांति व वारंवार बर्फ यांमुळें बरें होण्यास उलट विलंब लागूं शकतो, असें त्यांनीं स्वतःच २०१४ मध्यें जाहीर केलें. आपल्याच नांवानें चाललेला नियम पुराव्यापुढें मागें घेणें, ही शास्त्रज्ञास शोभणारी गोष्ट होय.

आपल्याकडील घराघरांतून या दिवसांत जो उपाय सर्वांत आधीं होतो, त्याविषयीं पालकांस विनंति करावीशी वाटते. लचक भरली कीं तेल गरम करून जोरानें चोळावें, किंवा शेजारच्या एखाद्या जाणत्याकडून पाय ओढून घ्यावा, अशी रीत आहे. तिच्यामागें माया आहे यांत शंका नाहीं. परंतु ताज्या इजेंत आंतील बारीक रक्तवाहिन्या उघड्या असतात. चोळल्यानें व कडक शेकल्यानें रक्तस्राव वाढतो. विशेषतः मांडीवर गुडघा किंवा चेंडू आदळून मुका मार बसला असतां ती जागा चोळणें धोक्याचें आहे. कांहीं वेळां तेथें सांचलेल्या रक्ताच्या जागीं हाडासारखा कठीण पदार्थ तयार होतो व मग गुडघा वांकणें महिनोंमहिने कठीण होतें. म्हणून निदान पहिले तीन-चार दिवस चोळणें, शेकणें व जोरानें ताणणें हीं तिन्ही वर्ज्य करावींत.

पालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी दुसरी गोष्ट अशी. बारा ते सतरा-अठरा वर्षांच्या वयांत हाडें वाढत असतात, आणि कंडरा ज्या जागीं हाडास चिकटते ती जागा अजून कोंवळी असते. प्रौढ माणसाचा जेथें स्नायु तुटेल, तेथें या वयाच्या मुलाचा स्नायु शाबूत राहून हाडाचाच तुकडा उखडला जाऊं शकतो. बाहेरून दोन्ही दुखापती सारख्याच दिसतात. भेद क्ष-किरणांच्या चित्रांतच कळतो. यास्तव खुब्याजवळ किंवा बैठकीच्या हाडाजवळ एकाएकीं तीव्र कळ आली असेल, तर "लचकच असेल" असें घरीं ठरवूं नये.

पुढील लक्षणांपैकीं एकही दिसल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करूं नये : इजा होतांना फट्‌कन् आवाज झाल्याची जाणीव, पायावर चार पावलेंही भार देतां न येणें, स्नायूंत खांच लागणें किंवा त्याचा गोळा वर सरकलेला दिसणें, मोठी व वाढती सूज, पाऊल बधिर होणें, किंवा स्नायु दगडासारखा ताठ होऊन वेदना उत्तरोत्तर असह्य होणें. फार श्रमांनंतर लघवी काळसर झाली, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

परतीच्या सहा पायऱ्या

आतां मुख्य रीत सांगावयाची. तिचें सूत्र असें : वरची पायरी तेव्हांच चढावी, जेव्हां खालची पायरी सहज चढतां आली. तारखेनें नव्हे, परीक्षेनें. वर्गांत आपण जसे उत्तीर्ण झाल्यावांचून वरच्या इयत्तेंत जात नाहीं, तसेंच येथें. उदाहरणादाखल मांडीच्या मागील स्नायूची सौम्य किंवा मध्यम इजा घेऊं.

पहिली पायरी, चालणें. घरांत व अंगणांत आखूड पावलें टाकीत, लंगडल्याशिवाय चालतां येईल तितकेंच चालावें. लंगडत मैलभर चालण्यापेक्षां सरळ पावलांनीं शंभर पावलें चालणें अधिक गुणकारी आहे.

दुसरी पायरी, न हलतां जोर लावणें. उताणें निजून गुडघे वांकवावे, टांच जमिनीवर ठेवून ती हलकेच खालीं दाबावी, पांच-दहा सेकंद धरावी व सोडावी. असें आठ-दहा वेळां करावें. येथें स्नायु काम करितो, पण लांबत नाहीं. म्हणून जोडणीस धक्का बसत नाहीं.

तिसरी पायरी, हालचालीसह जोर. त्याच स्थितींत टांचा रोवून कंबर वर उचलावी व सावकाश खालीं आणावी. प्रथम दोन्ही पायांवर, कांहीं दिवसांनीं एकाच पायावर. जोडीस अर्ध्या बैठका व जिना चढणें-उतरणें. याच पायरीवर पुढें पुढें स्नायु लांबत असतां जोर लावण्याचा सराव घालावा. कारण तो ज्या कामांत तुटला, तेंच काम त्यास पुन्हा शिकावयाचें आहे. स्वीडनमधील ७५ नामांकित फुटबॉलपटूंवर केलेल्या व २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, असे लांबते व्यायाम घेणारे खेळाडू सरासरी २८ दिवसांत पूर्ण सरावास परतले. रूढ व्यायाम घेणाऱ्यांस ५१ दिवस लागले.

चौथी पायरी, संथ धांव. अर्धा तास झपझप चालूनही कांहीं त्रास झाला नाहीं, म्हणजे एक मिनिट धांवावें व एक मिनिट चालावें, असें आठ-दहा वेळां करावें. पुढें धांवण्याचीं मिनिटें वाढवावींत व चालण्याचीं कमी करावींत. येथें अंतर वाढेल, वेग नव्हे.

पांचवी पायरी, वेग. पन्नास-साठ मीटरचें अंतर घेऊन आरंभीं हळूहळू वेग धरावा, मध्यें तो राखावा व शेवटीं हळूहळू सोडावा. एकदम सुटूं नये व एकदम थांबूं नये. पहिल्या दिवसांत अर्धा वेग, मग पाऊण, मग जवळजवळ पूर्ण. वेगवान धांवेच्या दोन दिवसांमध्यें एक दिवस मोकळा ठेवावा.

सहावी पायरी, खेळाची चाल. बाजूस सरकणें, वळणें, उडी मारणें, एकदम थांबणें व दिशा पालटणें हीं प्रथम सांवकाश व मग वेगानें करावींत. त्यानंतर संघाबरोबर पूर्ण सराव. आणि असे कांहीं सराव निर्वेध पार पडल्यावरच सामना.

शेवटची ही पायरी पुष्कळजण गाळतात. सरळ धांवतां आलें कीं सामन्यास तयार झालों, अशी त्यांची समजूत असते. अमेरिकेंत शेरी व बेस्ट यांनीं २००४ मध्यें २४ खेळाडूंवर केलेला अभ्यास या समजुतीस चांगलें उत्तर देतो. एका गटानें केवळ ताण देण्याचे व जोराचे व्यायाम केले. दुसऱ्यानें चपळ पदन्यासाचे आणि पोट व कंबर स्थिर राखण्याचे व्यायाम केले. खेळावर परतल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांतच पहिल्या गटांतील ११ पैकीं ६ जणांस पुन्हा तीच इजा झाली. दुसऱ्या गटांतील १३ पैकीं एकासही झाली नाहीं. संख्या लहान आहे हें खरें. तथापि धडा स्पष्ट आहे. ज्या कसोटीस आपणांस उतरावयाचें, तिचाच अभ्यास आधीं झाला पाहिजे.

या सहाही पायऱ्यांवर तीन नियम सारखेच लागू आहेत. पहिला, वेदनेचें माप. शून्य म्हणजे वेदना नाहीं व दहा म्हणजे असह्य, अशी मनांत पट्टी धरावी. व्यायाम करतांना दोन-तीनपर्यंतची किरकोळ जाणीव चालेल. त्याहून अधिक झाल्यास थांबावें. दुसरा, सकाळची साक्ष. दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठतांच पाय कालच्यापेक्षां अधिक दुखतो किंवा आंखडतो असें आढळलें, तर एक पायरी खालीं उतरावें. त्यांत लाज नाहीं. तिसरा, एका वेळीं एकच वाढ. अंतर वाढविलें त्या दिवशीं वेग वाढवूं नये, आणि वेग वाढविला त्या दिवशीं अंतर.

येथें एक शंका निघेल : व्यायामानंतर अंग तर नेहमींच दुखतें; मग तें दुखणें व हें दुखणें यांतील भेद कसा ओळखावा ? नवीन व्यायामानें येणारें अंगदुखणें बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं जाणवतें, दोन्ही पायांत सारखें व पसरलेलें असतें, आणि दोन-चार दिवसांत आपोआप जातें. इजेची कळ त्याच क्षणीं येते, एकाच बाजूस असते, व तिच्या जागेवर बोट ठेवतां येतें.

सामन्यापूर्वीं वेदनाशामक गोळी घेऊन उतरणें ही तर निव्वळ आत्मवंचना होय. पहारेकऱ्याचें तोंड बांधल्यानें चोर पळत नाहीं. त्याचप्रमाणें केवळ एक पाय दुखावला म्हणून सारें शरीर निजवून ठेवण्याचेंही कारण नाहीं. हात, छाती, पोट व दुसरा पाय यांचा व्यायाम चालूं ठेवावा; त्यानें दम टिकतो आणि मनही खचत नाहीं.

थोर खेळाडूचा धीर

"एवढी वाट पाहिली तर संधि जाईल," असें विद्यार्थ्यांस वाटतें. त्यांच्याकरितां भालाफेंकपटु नीरज चोप्रा यांच्या दोन वर्षांचा वृत्तान्त येथें देतों. टोकियो येथें ७ ऑगस्ट २०२१ रोजीं ८७.५८ मीटर भाला फेंकून त्यांनीं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें. पुढील वर्षीं जुलै महिन्यांत अमेरिकेंतील युजीन येथें जागतिक स्पर्धेंत ८८.१३ मीटर फेंक करून त्यांनीं रौप्यपदक घेतलें. परंतु त्याच स्पर्धेंत त्यांच्या जांघेचा स्नायु दुखावला. अवघ्या कांहीं दिवसांवर बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा होत्या. मागील, म्हणजे २०१८ च्या स्पर्धेचें सुवर्णपदक त्यांचेंच होतें. तरीही डॉक्टरांनीं महिनाभर विश्रांति सांगतांच त्यांनीं माघार घेतली. देशांत केवढा हिरमोड झाला असेल ! पण २६ ऑगस्ट २०२२ रोजीं लोझान येथें ते परतले तेव्हां त्यांनीं ८९.०८ मीटर भाला फेंकून स्पर्धा जिंकली, आणि सप्टेंबरमध्यें झुरिक येथें डायमंड लीगचें अंतिम विजेतेपदही मिळविलें.

सन २०२३ च्या मे महिन्यांत सराव करतांना पुन्हा त्यांचा स्नायु ताणला. त्यांनीं जूनमधील स्पर्धा सोडल्या, ३० जून रोजीं लोझान येथें ८७.६६ मीटर फेंकीनें पुन्हा पहिला क्रमांक घेतला, आणि २७ ऑगस्ट २०२३ रोजीं बुडापेस्ट येथें ८८.१७ मीटर फेंक करून जागतिक स्पर्धेंत भारतास ॲथलेटिक्समधील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. ज्याच्याकडे साऱ्या देशाचे डोळे लागले होते, त्यास एक मोठी स्पर्धा सोडण्याचा धीर झाला. मग आपणांस एक शालेय सामना सोडण्यास इतकें जड कां जावें?

पालक, शिक्षक व सवंगडी

या विषयांत खेळाडूइतकीच त्याच्या भोंवतालच्या माणसांचीही परीक्षा असते. मूल इजा लपवितें तें बहुधा भीतीनें : संघांतून नांव कापलें जाईल, सवंगडी भित्रा म्हणतील, किंवा घरीं खेळच बंद होईल. पालकांनीं व शिक्षकांनीं ही भीति आधीं काढून टाकिली पाहिजे. "दुखतें आहे" असें सांगणाऱ्या मुलास शिक्षा किंवा थट्टा मिळाली, तर तें पुढच्या वेळीं सांगणार नाहीं; आणि न सांगितलेल्या इजेवर जगांतील कोणताही वैद्य उपाय करूं शकत नाहीं. मुलींच्या बाबतींत तर "लागलें ना, आतां पुरे झाला खेळ," असा निकाल घरोघरीं सहज दिला जातो. इजा हें खेळ सोडण्याचें कारण नव्हे. तें खेळ शहाणपणानें खेळण्याचें निमित्त आहे. सवंगड्यांसही एवढेंच सांगणें आहे कीं, बाजूस बसलेल्या गड्याची जागा राखून ठेवणें हाही संघधर्मच होय.

एकदां दुखावलेला स्नायु पुन्हा दुखावण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. म्हणून परतल्यानंतरही जोराचा सराव सोडूं नये. गुडघ्यांवर उभें राहावें, सोबत्यानें मागून दोन्ही घोटे धरावे, आणि पाठ सरळ ठेवून शरीर जितकें सांवकाश पुढें झुकवितां येईल तितकें झुकवावें. शेवटीं हातांवर सांवरावें. यास नॉर्डिक व्यायाम म्हणतात. त्याला ना यंत्र लागतें ना पैसा. डेन्मार्कमधील ९४२ फुटबॉलपटूंवरील, २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत हा व्यायाम करणाऱ्या गटांत हॅम्स्ट्रिंगच्या १५ इजा नोंदल्या गेल्या, व न करणाऱ्या गटांत ५२. मात्र हा व्यायाम जड आहे. तो पायरी तिसरी ते पांचवी नीट पार केल्यानंतर, आरंभीं चार-पांच वेळांच, शिक्षकांच्या देखरेखीखालीं करावा. खेळापूर्वीं दहा-पंधरा मिनिटें अंग तापविणें, पुरेशी झोंप, आणि आहारांत डाळ, दूध, अंडीं किंवा मासे यांसारखे मांसवर्धक पदार्थ, हीं तर नित्याचींच पथ्यें होत.

विद्यार्थिमित्रांनो, शाळेच्या क्रीडासामन्यांस दरवर्षीं नवी तारीख मिळते. पाय मात्र जन्मभर तेच दोन पुरवावयाचे असतात. यास्तव मैदानावर परत जातांना आपणांस एकच प्रश्न विचारावा. "दुखणें थांबलें काय ?" असा तो नव्हे, "मागची पायरी मीं पुरी केली काय?" असा आहे. त्याचें उत्तर प्रामाणिकपणें "होय" असें आलें, म्हणजे निःशंक मनानें धांवावें. "नाहीं" असें आलें, तर आजचा दिवस त्या पायरीस द्यावा. तो दिवस वायां गेला असें होत नाहीं.